काका, हिशेब दाखवाल का? वारशाचा पैसा, विश्वस्त आणि घरातला वाद

आपल्याकडे घरातल्या मोठ्या माणसाला हिशेब विचारणं म्हणजे त्याचा अपमान करणं, असं समजलं जातं. पैसा आजोबांचा असो, वडिलांच्या विम्याचा असो नाहीतर रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचा असो, तो ज्याच्या हाती सोपवलेला असतो त्याला ‘किती आले, किती गेले’ एवढं विचारलं तरी घरातलं वातावरण तापतं. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असा उलटा प्रश्न येतो आणि विचारणारा गप्प बसतो. मग पाच-सात वर्षं कुणी काही बोलत नाही. संशय आतल्या आत वाढत राहतो आणि एखाद्या लग्नात किंवा वर्षश्राद्धाला सगळं एकदम बाहेर पडतं. तोवर निम्मे कागद हरवलेले असतात.

दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्याकडे हिशेब मागणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे. तो मागायला मनात संशय असावा लागत नाही. तो वेळेवर आणि नीट शब्दांत मागितला तर घर मोडायची वेळ सहसा येत नाही. हे मला पोटतिडकीने सांगायचं आहे, म्हणून हा लेख.

एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण अशी घरं तुमच्याही ओळखीत असतील. आजोबांची जमीन महामार्गात गेली. मोबदल्यातले ४५ लाख रुपये त्यांनी २०१२ साली तीन नातवंडांसाठी बाजूला काढले आणि त्याचं ट्रस्ट डीड, म्हणजे पैसे कुणी, कुणासाठी आणि कसे सांभाळायचे याचा दस्तऐवज केला. धाकटा मुलगा आधीच वारला होता, त्याची दोन मुलं, आणि थोरल्याचा एक मुलगा. पैसे सांभाळायला विश्वस्त म्हणून थोरल्यालाच नेमलं. अट अशी की व्याजातून तिघांचं शिक्षण करायचं आणि जो पंचवीस वर्षांचा होईल त्याला त्याचा तिसरा हिस्सा द्यायचा. आज पुतणी सव्वीस वर्षांची आहे. तिचा सख्खा भाऊ शिकायला अमेरिकेत गेला आहे. काकांचा मुलगा इंजिनिअर झाला, त्याची फी ट्रस्टच्या पैशातून गेली. पुतणीने मात्र शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढलं, कारण ‘सध्या पैसे ठेवीत अडकलेत’ असं काका म्हणाले होते.

हळूहळू तिच्या कानावर येतं की ४५ लाखांपैकी २० लाख बँकेत मुदत ठेवीत आहेत आणि १५ लाख एका पतसंस्थेत अडकले आहेत. उरलेले १० लाख काकांनी २०१४ मध्ये स्वतःच्या दुकानात घातले होते आणि २०२२ मध्ये परत ट्रस्टच्या खात्यात भरले. पूर्ण दहाच्या दहा लाख. काकांच्या मते विषय संपला.

विषय का संपत नाही, ते पाहू.

आधी एक प्रश्न: काका नक्की कोण आहेत?

घरात पैसे सांभाळणाऱ्या माणसाला आपण सरसकट ‘ते बघतात सगळं’ म्हणतो. कायदा मात्र त्यात वेगवेगळ्या भूमिका पाहतो, आणि प्रत्येक भूमिकेची जबाबदारी वेगळी असते. अर्धी भांडणं इथेच चुकीच्या दिशेला जातात.

काका फक्त नॉमिनी असतील, तर पैसे त्यांच्या हाती येतात पण त्यामुळे ते मालक होत नाहीत. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ सालीच सांगितलं, आणि शेअर व डिबेंचरच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. नॉमिनीने रक्कम ताब्यात घ्यायची, मालकी वारसा कायद्याप्रमाणे किंवा मृत्युपत्राप्रमाणे ठरते. (विमा कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आली. काका त्या यादीत नाहीत.)

सातबाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणून काकांचं नाव असेल, तर ते अज्ञानपालनकर्ते. पण हिंदू कायद्यात नैसर्गिक पालक आधी वडील आणि नंतर आई. आईवडिलांनासुद्धा अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. काकांना तर स्वतःहून तसा अधिकारच नसतो.

एकत्र कुटुंबाचे कर्ते असतील तर गोष्ट पुन्हा निराळी. कर्त्याने मागच्या वीस वर्षांत घर कसं चालवलं याचा पैन्‌पैचा हिशेब एरवी मागता येत नाही. वाटपाच्या वेळी जे शिल्लक आहे ते धरून वाटणी होते. अफरातफर झाली असेल तरच मागचं उकरता येतं. पुष्कळ काका मनातून स्वतःला कर्ता समजतात, म्हणून हिशेबाचा प्रश्न त्यांना लागतो. त्यांच्या वडिलांना कुणी असा प्रश्न विचारला नव्हता, हे लक्षात घेतलं तर त्यांचा राग समजू शकतो.

मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा म्हणून नाव असेल आणि प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला मिळाला असेल, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एका वर्षात हिशेब न्यायालयात सादर करायचा असतो. या तारखा फार थोड्या घरांत कुणी लक्षात ठेवतं.

आणि ट्रस्ट डीड असेल, आपल्या उदाहरणासारखं, तर काका विश्वस्त. त्यांना लागू होतो भारतीय विश्वस्त कायदा, १८८२. कायदा जुना आहे, इंग्रजांच्या काळचा, पण त्याची कलमं वाचली तर कुणीतरी अशी भांडणं जवळून पाहून ती लिहिली असावीत असं वाटतं.

म्हणून पहिलं काम कपाट उघडायचं. डीड, मृत्युपत्र, नॉमिनेशनचा कागद, सातबारा, जे असेल ते वाचायचं. काका कोणत्या नात्याने पैसे सांभाळत आहेत हे कळल्याशिवाय वकिलाकडेही जाऊ नये, कारण त्याचा पहिला प्रश्न हाच असेल.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करते. ‘ट्रस्ट’ हा शब्द ऐकला की लोक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज घेऊन जातात. ते कार्यालय सार्वजनिक ट्रस्टसाठी आहे. मंदिर, शाळा, रुग्णालय, मंडळ अशा संस्था त्याच्या कक्षेत येतात आणि त्यांना १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. तीन नातवंडांसाठी केलेला ट्रस्ट खाजगी आहे. त्याचा वाद दिवाणी न्यायालयातच जातो. चुकीच्या दारात वर्ष घालवू नका.

विश्वस्ताने काय करायचं असतं

कायद्याची मुख्य कसोटी साधी आहे: सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःचा पैसा जितक्या काळजीने सांभाळेल, तितक्या काळजीने विश्वस्ताने हा पैसा सांभाळावा. त्याने तेवढी काळजी घेतली असेल आणि तरी नुकसान झालं, तर ते नुकसान त्याच्या माथी येत नाही. विश्वस्तालाही हे संरक्षण आहे, ते विसरू नये.

आता आपल्या काकांचे एकेक व्यवहार या कसोटीवर लावू.

दुकानात घातलेले दहा लाख. इथे काका चुकले, आणि हेतू चांगला होता म्हणून चूक पुसली जात नाही. ट्रस्टची मालमत्ता विश्वस्ताने स्वतःच्या फायद्यासाठी वापरायची नाही, असं कलम ५१ स्पष्ट सांगतं. काकांनी मुद्दल परत केलं, पण आठ वर्षं तो पैसा नातवंडांसाठी काहीच कमवत नव्हता, दुकानासाठी कमवत होता. अशा वेळी कायदा लाभार्थीला निवड देतो. एकतर त्या पैशावर चक्रवाढ व्याज घ्यायचं, किंवा त्या पैशावर धंद्यात जो निव्वळ नफा झाला तो मागायचा. व्याजाचा दर न्यायालयाने वेगळा ठरवला नाही तर वर्षाला ६ टक्के, आणि चक्रवाढ दर सहा महिन्यांनी धरायची. गणित करून पाहा: १० लाखांचे आठ वर्षांत सुमारे १६ लाख ५ हजार होतात. म्हणजे काकांनी ‘पूर्ण’ परत केलेल्या रकमेत सहा लाखांवर तूट आहे. दुकान चांगलं चाललं असेल तर नफ्याचा हिस्सा याहून जास्तही निघेल. निवड लाभार्थीची, काकांची नाही.

घरात हाच मुद्दा सगळ्यात जास्त दुखावणारा ठरतो, कारण काकांना खरोखरच वाटतं की त्यांनी हातउसने घेतले होते आणि फेडले. हातउसने घेताना देणारा ‘हो’ म्हणतो. इथे देणारी मुलं होती शाळेत.

पतसंस्थेतले पंधरा लाख. याचं उत्तर इतकं सरळ नाही. विश्वस्ताने पैसे कुठे गुंतवायचे हे त्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही. कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार डीडमध्ये परवानगी दिलेले किंवा केंद्र सरकारने अधिसूचित केलेले गुंतवणुकीचे प्रकार हीच चौकट आहे. डीडमध्ये आजोबांनीच ‘गावच्या पतसंस्थेत ठेवावेत’ असं लिहिलं असेल तर काकांची बाजू बळकट. तसं नसेल, आणि दोन टक्के जास्त व्याज मिळतं म्हणून त्यांनी एकाच ठिकाणी पंधरा लाख ठेवले असतील, तर प्रश्न विचारला जाणारच. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा असतो. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाख होती. पतसंस्थेतल्या ठेवींना असा विमा नसतो. शहाण्या माणसाने स्वतःचे पंधरा लाख तिथे एकगठ्ठा ठेवले असते का? काकांनी स्वतःचेही तिथेच ठेवले होते, असं निघालं तर ती त्यांची प्रामाणिक चूक होती असं म्हणायला जागा आहे. म्हणून पतसंस्थेच्या मुद्द्यावर आवाज चढवण्याआधी पावत्या पाहाव्यात.

फीचा मुद्दा. काकांच्या मुलाची फी दिली यात गैर काही नाही, तोही लाभार्थी आहे. पण विश्वस्ताने सगळ्या लाभार्थींना एका नजरेने पाहिलं पाहिजे, कुणाला झुकतं माप देऊन दुसऱ्याचं नुकसान करायचं नाही. एकाची फी व्याजातून आणि दुसरीला कर्ज, याचं काकांना कारण देता आलं पाहिजे. देता आलं नाही तर पुतणीच्या कर्जाचं व्याज हा चर्चेचा विषय होतो.

काकांच्या बाजूने पाहिलं तर त्यांना या कामाचं मानधन नाही. डीडमध्ये लिहिलेलं नसेल किंवा तसं ठरलेलं नसेल, तर विश्वस्त आपल्या श्रमाचे पैसे घेऊ शकत नाही. बारा-तेरा वर्षं बँकेच्या फेऱ्या, चार्टर्ड अकाउंटंट, आयकराचं विवरण, सगळं फुकट. पदरचा झालेला योग्य खर्च मात्र ट्रस्टमधून घ्यायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. हिशेबाला बसताना हा खर्च पुतणीनेच आधी विचारावा. बोलणं तिथून सुरू झालं तर काकांनाही समोर बसणं सोपं जाईल.

हिशेब मागायचा कसा

विश्वस्ताने स्पष्ट आणि बिनचूक हिशेब ठेवायचा, आणि लाभार्थीने वाजवी वेळी मागितला की मालमत्तेची पूर्ण आणि खरी माहिती द्यायची, हे कलम १९ सांगतं. कलम ५७ ने लाभार्थीला डीड, ट्रस्टचे कागद, हिशेब आणि पावत्या पाहायचा आणि त्यांच्या प्रती घ्यायचा हक्क मिळतो. विश्वस्ताने ट्रस्टच्या कामासाठी वकिलाचा सल्ला घेतला असेल तर तो कागदही पाहता येतो.

पण हे सगळं पहिल्याच पत्रात ओतू नये. व्हॉट्सअ‍ॅपच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तर मुळीच नको, कारण तिथे मावशी-मामांपुढे उत्तर द्यावं लागतं आणि माणूस हट्टाला पेटतो. एक शांत पत्र लिहावं. साधारण असं:

‘तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार. आजोबांनी आम्हा तिघांसाठी ठेवलेल्या पैशांची जबाबदारी तुम्ही इतकी वर्षं सांभाळलीत. मला आता पंचवीस वर्षं पूर्ण झाली आहेत आणि ट्रस्ट डीडप्रमाणे माझा हिस्सा ठरवायची वेळ आली आहे. त्यासाठी मला डीडची प्रत, २०१२ पासूनचे बँकेचे उतारे, सर्व ठेवींच्या पावत्या, दुकानासाठी घेतलेल्या व परत केलेल्या रकमेच्या नोंदी आणि आम्हा तिघांच्या शिक्षणावर झालेल्या खर्चाचा तपशील पाहायचा आहे. जुने कागद शोधायला वेळ लागेल याची कल्पना आहे, म्हणून पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत दिलेत तरी चालेल. तुमचा जो खर्च झाला असेल तोही लिहून ठेवावा. हेच पत्र मी दोन्ही भावांना पाठवत आहे.’

या पत्रात आरोपाचा एक शब्द नाही. पण काय हवं, कशाच्या आधारावर हवं आणि कधीपर्यंत हवं, हे तिन्ही आहे. पत्र हातात द्यावं आणि ईमेलनेही पाठवावं, म्हणजे तारीख राहते. दोन्ही भावांना पाठवलं याला महत्त्व आहे. एकटीने मागितलं की ‘हिलाच घाई’ असं होतं.

काकांनी हिशेब ठेवलेलाच नसेल तर? हे पुष्कळदा होतं, आणि त्यात लबाडी असतेच असं नाही. अशा वेळी हिशेब पुन्हा उभा करता येतो. बँकेचे जुने उतारे मागवायचे, आणि लवकर, कारण बँका ते कायमचे जपून ठेवत नाहीत. ट्रस्टच्या पॅनवर जमा झालेला टीडीएस आयकराच्या ‘२६एएस’ या उताऱ्यात दिसतो, त्यावरून कोणत्या वर्षी किती ठेवी होत्या याचा माग लागतो. घरातल्या कुणाचीही बाजू न घेणारा एखादा चार्टर्ड अकाउंटंट नेमून त्याला सगळे कागद द्यावेत आणि त्याची फी ट्रस्टमधून द्यायचं सर्वांनी लिहून मान्य करावं. मला स्वतःला ही पायरी सगळ्यात मोलाची वाटते. आकडा तिसऱ्या माणसाने काढला की भांडण माणसांवरून आकड्यावर येतं, आणि आकड्यावर तोडगा निघतो.

या काळात एक पथ्य पाळावं. ‘सही कर, म्हणजे तुझा चेक काढतो’ असा कागद पुढे आला तर वाचल्याशिवाय सही करू नये. सज्ञान लाभार्थीने, दडपण नसताना, विश्वस्ताच्या चुकीला संमती दिली किंवा सगळं पूर्ण माहीत झाल्यावर ती मान्य केली, तर त्या चुकीबद्दल पुढे त्याला विश्वस्ताकडून भरपाई मागता येत नाही. काकांच्या मुलाने दुकानाच्या व्यवहाराला सज्ञान झाल्यावर समजून-उमजून मान्यता दिली असेल, तर त्याचं गाऱ्हाणं संपलं. पुतणीचं संपत नाही.

बसून मिटवायचं असेल तर

हिशेब समोर आला की दोन गोष्टी ठरवायच्या राहतात: कमी पडलेलं कसं भरून निघणार, आणि यापुढे पैसे कोण सांभाळणार.

पहिल्यासाठी घरात बसून ठरत असेल तर उत्तमच. नाही तर मध्यस्थ. सगळ्या जिल्ह्यांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. दावा दाखल करण्याआधीही तिथे अर्ज करून वाद मध्यस्थीला किंवा लोकअदालतीत ठेवता येतो. लोकअदालतीत झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून तिथे सही करताना घाई नको.

काही घरांत डीडमध्येच ‘वाद झाल्यास लवादाकडे जावे’ असं कलम असतं, आणि लोक त्यावर विसंबतात. खाजगी ट्रस्टच्या वादात ते चालत नाही. मुंबईतून आलेल्या एका कौटुंबिक ट्रस्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितलं की विश्वस्त कायद्याखालचे वाद लवादाकडे सोपवता येत नाहीत, कारण त्या कायद्याने त्यासाठी न्यायालयाचीच सोय केलेली आहे. मध्यस्थ आणि लवाद यांत गोंधळ करू नका. मध्यस्थ दोन्ही बाजूंना बोलतं करतो, निर्णय तुमचाच असतो. लवाद स्वतः निकाल देतो.

समझोता झाला की तो लिहून काढायचा. इथे एक बारकावा आहे. तोंडी ठरलेल्या कौटुंबिक व्यवस्थेची नुसती आठवण म्हणून केलेली नोंद आणि ज्या कागदानेच स्थावर मालमत्तेतले हक्क बदलतात तो कागद, यांत न्यायालयं फरक करतात. दुसऱ्या प्रकारच्या कागदाची नोंदणी लागते. आपल्या उदाहरणात सगळा पैसाच आहे, पण समझोत्यात ‘काका सहा लाखांऐवजी गावातला प्लॉट देतील’ असं ठरलं तर नोंदणी कार्यालयाची पायरी चढावी लागेल. आणि लाभार्थींमध्ये कुणी अजून अठराच्या आत असेल, आणि वाद न्यायालयात पोचलेला असेल, तर त्याच्या वतीने केलेल्या तडजोडीला न्यायालयाची परवानगी घ्यावीच लागते. नाहीतर ते मूल मोठं झाल्यावर ती तडजोड रद्द करून घेऊ शकतं.

दुसरा प्रश्न, पुढे कोण सांभाळणार. काकांना सन्मानाने मोकळं होता येतं. सगळे लाभार्थी सज्ञान असतील आणि काकांसह सर्वांची संमती असेल तर ते विश्वस्तपदातून मुक्त होतात. संमती मिळत नसेल तर काका स्वतःही न्यायालयात अर्ज करून मोकळीक मागू शकतात. मनात आलं म्हणून एक दिवस सोडून दिलं, असं मात्र करता येत नाही. त्यांच्या जागी कोण? अमेरिकेतल्या भावाचं नाव पुढे येतं, कारण तो ‘हिशेबी’ आहे. पण जो कायमचा परदेशी स्थायिक झाला आहे त्याला कायदा योग्य विश्वस्त मानत नाही. तो शिकून परत येणार असेल तर गोष्ट वेगळी. आणि जिथे पैसे घेणं-सांभाळणं आहे तिथे किमान दोन विश्वस्त असावेत, असं त्याच कायद्यात म्हटलं आहे. आजोबांनी २०१२ साली दोघांना नेमलं असतं तर दुकानासाठी दहा लाख काढताना दुसऱ्याची सही लागली असती. एकाच्या जागी दोन सह्या, एवढ्यावर हे सगळं टळलं असतं.

आणखी एक मार्ग आहे, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. सगळे लाभार्थी सज्ञान असतील आणि सगळ्यांचं एकमत असेल, तर ते विश्वस्ताला सांगू शकतात की मालमत्ता आमच्या हवाली करा. पंचविशीची वाट पाहायची गरज नाही. कलम ५६. आपल्या तिघा भावंडांपैकी सर्वांत धाकटाही आता अठराच्या पुढे आहे. तिघांनी मिळून ठरवलं तर ट्रस्टच संपवून ज्याचा-त्याचा हिस्सा घेता येईल. अट एकच, तिघांचं एकमत. काकांच्या मुलाची सही त्यात लागणार, आणि म्हणूनच त्याला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यायचं होतं.

नाहीच मिटलं तर

कोर्टात जायचं ठरलं तर काय मागायचं ते स्पष्ट हवं. हिशेबासाठी दावा लावता येतो. न्यायालय आधी प्राथमिक हुकूमनाम्याने हिशेब घ्यायला लावतं, त्यानंतर देणं ठरवतं. पैसे आणखी हलवले जातील अशी भीती असेल तर मनाई हुकूम मागता येतो, फारच गंभीर असेल तर रिसीव्हर, म्हणजे मालमत्ता ताब्यात घेऊन सांभाळणारा न्यायालयाचा माणूस, नेमायची विनंती करता येते. विश्वस्त बदलून मागता येतो. ट्रस्टचा पैसा दुसऱ्या रूपात गेला असेल, म्हणजे त्यातून काकांनी स्वतःच्या नावावर गाळा घेतला असेल, तर त्या गाळ्यापर्यंत हक्क पोचतो. ज्याने पूर्ण किंमत देऊन, ट्रस्टची माहिती नसताना, प्रामाणिकपणे तो गाळा विकत घेतला त्याच्याकडून मात्र परत मागता येत नाही. म्हणून मनाई हुकूम वेळेत हवा.

मुदतीबद्दल. विशिष्ट हेतूसाठी ज्याच्या हाती मालमत्ता सोपवली आहे त्या विश्वस्ताकडून ती मालमत्ता परत मिळवण्याच्या किंवा हिशेबाच्या दाव्याला मुदतीचा कायदा आड येत नाही. पण हे ऐकून निवांत बसू नये. नॉमिनी, कर्ता, अज्ञानपालनकर्ता यांना हा नियम असाच लागू होत नाही. उदाहरणार्थ, पालकाने विकलेल्या मालमत्तेचा व्यवहार रद्द करून घ्यायचा असेल तर अठरा पूर्ण झाल्यापासून तीनच वर्षं मिळतात.

फौजदारी तक्रारीबद्दल मला मनापासून एक विनंती करायची आहे. विश्वासघाताचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली येतो आणि त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. काही वकील पहिल्याच भेटीत म्हणतात, ‘पोलिसात देऊ, म्हणजे ताळ्यावर येतील.’ पण त्या गुन्ह्यासाठी अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागतो, नुसता ढिला हिशेब पुरत नाही. आणि काकांना एकदा पोलीस ठाण्यात बसावं लागलं की मध्यस्थीच्या टेबलावर ते परत येत नाहीत, काकूही येत नाहीत. खोट्या सह्या, बनावट पावत्या, सगळा पैसा गायब, असं असेल तर तक्रार जरूर करावी, घाबरू नये. दुकानात घातलेले आणि परत केलेले दहा लाख हा दिवाणी प्रश्न आहे. तो दिवाणीतच ठेवावा.

सगळं पार पडलं, हिशेब तपासला, कमी-जास्त भरून निघालं, हिस्से हातात आले, की एक कागद राहतो आणि तो बहुतेक घरांत राहूनच जातो. काम पूर्ण झाल्यावर आपला हिशेब तपासून मिळण्याचा, आणि काही देणं शिल्लक नसेल तर तसं लेखी मिळण्याचा हक्क विश्वस्तालाही आहे. कलम ३५. काकांनी तो मागण्याची वाट पाहू नये. तिघांनी सह्या करून, तारीख घालून, एक प्रत त्यांच्या घरी जाऊन द्यावी.